एल निनोची बातमी आली की नाशिककरांनी काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं

एप्रिल लागला की व्हॉट्सअॅपवर ठरलेला मेसेज फिरायला लागतो, "यंदा एल निनो, दुष्काळ अटळ", खाली लालभडक नकाशा, आणि मग निफाडपासून नांदगावपर्यंत जो तो एकमेकाला विचारतो की भाऊ, करायचं काय. तो नकाशा ज्या आकड्यांवरून बनतो ते सगळे आकडे फुकट आहेत, दर आठवड्याला बदलतात आणि मोबाईलवर पाच-दहा मिनिटांत बघून होतात. फक्त कोणता आकडा कधी बघायचा आणि त्याच्यावरून कुठला निर्णय घ्यायचा हे माहीत पाहिजे. माझं मत आधीच सांगून टाकतो, एप्रिलमधली एल निनोची बातमी पाण्याच्या आणि पैशाच्या नियोजनाला कामाची आहे, तिच्यावरून पीक बदलायला जाऊ नका. का ते पुढं येईलच.

आधी समुद्रात नक्की काय होतं ते डोक्यात बसवून घ्या. प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या आसपास वारे पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतात, म्हणजे पेरूकडून इंडोनेशियाकडं. हे वारे वरचं तापलेलं पाणी ढकलत नेतात, त्यामुळं इंडोनेशियाच्या बाजूला २८-२९ अंशांच्या पाण्याचा मोठा साठा होतो, समुद्राची पातळीसुद्धा तिकडं साधारण अर्धा मीटर वर असते. इकडं पेरूच्या किनाऱ्याला वरचं पाणी निघून गेलं की खालचं थंड पाणी वर येतं. जिथं पाणी गरम तिथं हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. एल निनोत वारे ढिले पडतात, गरम पाणी पूर्वेकडं पसरतं, ढगही त्याच्या मागं जातात, आणि वर गेलेली हवा कुठंतरी खाली उतरणारच ना, ती उतरते इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि आपल्या बाजूला. उतरणारी हवा ढगांना वाढू देत नाही. ला निनात वारे जास्त जोरात, गरम पाणी पश्चिमेला आणखी दाबलं जातं आणि आपल्याकडं बहुतेक वेळा पाऊस चांगला. एकदा गरम पाणी सरकलं की वारे अजून ढिले होतात आणि वारे ढिले झाले की पाणी अजून सरकतं, म्हणून एकदा सुरू झालेलं प्रकरण बरेच महिने टिकतं.

या शोधाला सुरुवात झाली तीच मुळी आपल्या मान्सूनच्या भानगडीतून. १८९९ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारला पावसाचा आधी अंदाज पाहिजे होता, १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती भारताच्या वेधशाळांचे प्रमुख झाले, त्यांनी जगभरातले हवेच्या दाबाचे आकडे गोळा करून बघितलं तर प्रशांत महासागरात दाब वाढला की हिंदी महासागराकडं घटतो आणि तिकडं घटला की इकडं वाढतो असं दिसलं. दाब आणि समुद्राचं तापमान ही एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत हे मात्र बर्कनेस यांनी १९६९ मध्ये नीट जोडून दाखवलं.

आता कामाला लागू.

पहिला आकडा बघायचा तो निनो ३.४ चा. हा प्रशांत महासागराच्या मधला एक चौकोन आहे, ५ अंश उत्तर ते ५ अंश दक्षिण आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांश. तिथलं पाणी नेहमीपेक्षा किती गरम किंवा थंड आहे तो फरक अमेरिकेची हवामान आणि समुद्र बघणारी संस्था नोआ दर सोमवारी टाकते. +०.५ च्या वर गेला की एल निनोच्या बाजूला, -०.५ च्या खाली गेला की ला निनाच्या बाजूला, मधे न्यूट्रल. इथंच लोक फसतात, एका आठवड्याचा +०.६ बघून पोस्ट टाकतात. आठवड्याच्या आकड्याला फार भाव द्यायचा नाही, तो वाऱ्याच्या एका झटक्यानं वर-खाली होतो. तीन-तीन महिन्यांची सरासरी काढतात आणि अशा एकावर एक सरकत जाणाऱ्या सलग पाच सरासऱ्या +०.५ किंवा त्याच्यावर राहिल्या तर ते वर्ष एल निनोचं म्हणून नोंदलं जातं. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्यानं तर वर्षानुवर्षं ०.८ ची पट्टी लावली, त्यामुळं अमेरिका म्हणते आला आणि ऑस्ट्रेलिया म्हणते अजून नाही असं पेपरात दिसलं तर कुणी खोटं बोलतंय असं समजू नका, दोघांची मोजपट्टीच वेगळी. पूर्ण बुलेटिन नोआ महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी काढते, आपल्या हवामान खात्याचं पुणे ऑफिसही दर महिन्याला बुलेटिन काढतं. महिन्यातनं एकदा हे बघितलं तरी पुष्कळ झालं, रोज बघून उगाच बीपी वाढतो.

दुसरं म्हणजे पाण्याच्या खाली बघा. त्याच बुलेटिनमध्ये समुद्राचा उभा काप दाखवणारं चित्र असतं, वर पृष्ठभाग, खाली ३०० मीटर की काय ते खोली, डावीकडं इंडोनेशिया, उजवीकडं दक्षिण अमेरिका. पृष्ठभागावर काहीच नसताना १०० ते १५० मीटर खोलीवर लाल गोळा डावीकडून उजवीकडं सरकताना दिसला तर समजायचं की दोन-तीन महिन्यांनी तो पूर्वेला वर येईल. पश्चिमेला वाऱ्याचा उलटा झोत आला की ही गरम पाण्याची लाट निघते. हे चित्र मला सगळ्यात आवडतं, कारण वरच्या आकड्यापेक्षा ते आधी बोलतं. ही आत्ता दिसणारी मापं १९८२-८३ च्या फजितीनंतर उभी राहिली बरं का, त्या वर्षी शतकातला एक मोठा एल निनो चालू होता आणि तो आलाय हे बराच काळ कुणाला कळलंच नाही, मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीच्या धुरळ्यानं उपग्रहाचे आकडे बिघडवले होते. मग विषुववृत्तावर साधारण ७० बोयांची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या मापन यंत्रांची, रांग टाकली, ती १९९४ ला पूर्ण झाली.

तिसरं, वाऱ्यानं साथ दिली का? यासाठी ताहिती आणि डार्विन या दोन ठिकाणच्या दाबाचा फरक बघतात, त्याला एसओआय म्हणतात. तो बराच काळ -७ च्या खाली राहिला तर हवा समुद्राचं ऐकायला लागली असं समजा. हे का बघायचं तर २०१४ आठवा. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये पाण्याखाली प्रचंड गरम लाट होती, सुपर एल निनो येणार म्हणून जगभर बोंबाबोंब, आणि वाऱ्यानं साथच दिली नाही, पुढच्या काही महिन्यांत सगळं विरलं, खरा मोठा एल निनो आला २०१५ ला. आणि गंमत बघा, एल निनो विरला म्हणून आपला पाऊस वाचला का, तर नाही, २०१४ ला देशात सरासरीच्या ८८ टक्केच झाला आणि २०१५ ला ८६. म्हणजे एल निनो नसला म्हणून निर्धास्त व्हायचं असंही नाही.

उलटं उदाहरण १९९७ चं. एल निनो शतकातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, आणि देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. २००२ चा एल निनो त्याच्यापुढं किरकोळ, पण पाऊस ८१ टक्के, जुलै अख्खा कोरडा गेल्यासारखा. २००९ ला तर ७८. म्हणजे एल निनो किती मोठा यावरून दुष्काळ किती मोठा हे ठरत नाही. १९५० नंतरची एल निनोची वर्षं घेतली तर निम्म्याहून थोड्या जास्त वर्षांत पाऊस सरासरीखाली गेलाय, बाकीच्यांत ठीक झालाय. "अटळ" लिहिणाऱ्याला हे विचारा.

चौथा आकडा आपल्या घराजवळचा, हिंदी महासागराचा. याला आयओडी म्हणतात, १९९९ मध्ये जपानमध्ये काम करणाऱ्या साजी, यामागाता वगैरे शास्त्रज्ञांनी तो मांडला. आफ्रिकेकडचा समुद्र आणि सुमात्राकडचा समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावरून तो काढतात. आफ्रिकेकडचा भाग जास्त गरम, फरक +०.४ च्या वर, तर पॉझिटिव्ह, आणि तो बहुतेक वेळा आपल्या पावसाला मदत करतो. १९९७ ला हाच पॉझिटिव्ह होता. २०१९ ला तर इतका जोरात पॉझिटिव्ह होता की देशात ११० टक्के पाऊस झाला, पूर्व आफ्रिकेत पूर आले आणि ऑस्ट्रेलियात जंगलं जळत होती. नाशिकमध्ये त्या ऑगस्टमध्ये गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, काय पूर आला ते सांगायला नको, रामकुंडावरची मंदिरं पाण्यात, पुराची पातळी ज्याच्यावरून मोजतात तो दुतोंड्या मारुती किती बुडाला बघायला पुलांवर गर्दी. पण आयओडीची अडचण अशी की त्याचा आधीचा अंदाज एल निनोपेक्षाही कच्चा असतो, जूनच्या आधी कुणी छातीठोक सांगत असेल तर फारसं मनावर घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कुठल्या फॉरवर्डमध्ये नसतं. मार्च ते मे या काळात केलेला एल निनोचा अंदाज वर्षातला सगळ्यात कमजोर असतो. त्या महिन्यांत प्रशांत महासागराची जुनी स्थिती मोडत असते आणि नवी अजून बसलेली नसते, त्यामुळं छोट्या धक्क्यानंही गाडी कुठंही जाऊ शकते, शास्त्रज्ञ याला वसंतातला अडथळा म्हणतात. जुलैत केलेला अंदाज बराच भरवशाचा असतो. म्हणजे आपण ज्या वेळी बियाणं, खतं, कर्ज याचा हिशेब मांडतो नेमका त्याच वेळी हा अंदाज सगळ्यात लटका. शिवाय एल निनो जोरावर येतो नोव्हेंबर ते जानेवारीत, आपला पाऊस संपल्यावर, जून-सप्टेंबरमध्ये तो वाढत असतो.

मग हवामान खात्याचा एप्रिलचा आकडा कसा वाचायचा? समजा ते म्हणाले ९६ टक्के. तर ते जून ते सप्टेंबरचं, अख्ख्या देशाचं, आणि त्यात ५ टक्के इकडं-तिकडं धरलेलं असतं, म्हणजे ९१ पण आणि १०१ पण त्यात बसतं. १०० टक्के म्हणजे सुमारे ८७ सेंटीमीटर. ९० च्या खाली गेला तर तूट, ९६ ते १०४ सर्वसाधारण. मेच्या शेवटी सुधारित अंदाज येतो, तो जास्त कामाचा, त्यात देशाच्या विभागांचे वेगळे अंदाजही बघायला मिळतात.

आणि देशाचा आकडा नाशिकला लावणं म्हणजे तर कहरच. आपल्या एका जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि मालेगाव-येवल्याकडं पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यावर वारा सह्याद्रीला धडकून पाऊस पाडतो, एल निनोच्या वर्षातही इगतपुरी-त्र्यंबकला भात लावण्यापुरता पाऊस बहुतेक मिळतो आणि गंगापूर, दारणा बऱ्यापैकी भरतात. मार बसतो तो येवला, नांदगाव, चांदवड, सिन्नरच्या पूर्व भागाला, जिथं चार-पाच मोठ्या सरींवर वर्ष निघतं आणि त्यातल्या दोन हुकल्या की जानेवारीत टँकर. त्यामुळं शहरात बसून "धरण भरलं, कुठाय एल निनो" म्हणणाऱ्यांना येवल्यातला माणूस काय म्हणेल ते लिहीत नाही.

२०२३ हे वर्ष या सगळ्यासाठी समोर ठेवा. ८ जूनला नोआनं एल निनो जाहीर केला. जुलैत देशात पाऊस सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त, लोक म्हणाले एल निनो कुठं गेला. ऑगस्टमध्ये ३६ टक्के तूट, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सप्टेंबरमध्ये आयओडी पॉझिटिव्ह होऊन परत १३ टक्के जास्त. हंगामाचा हिशेब ९४ टक्के, कागदावर फार वाईट नाही, पण फुलोऱ्यात आलेल्या सोयाबीनला आणि मक्याला कागद कुठं वाचता येतो. एल निनोच्या वर्षात एकूण पावसापेक्षा हा मधला खंड जास्त मारतो, म्हणून तयारी करायची ती खंडाची.

खंडासाठी बघायची गोष्ट वेगळी आहे, एमजेओ. हा ढगांचा मोठा पट्टा हिंदी महासागरातून प्रशांतकडं ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला चक्कर मारतो. गोल आकृती असते, त्यात १ ते ८ असे भाग, रेघ २ आणि ३ मध्ये असली की पट्टा हिंदी महासागरावर, आपल्याकडं पाऊस वाढायची शक्यता, ६, ७, ८ मध्ये गेली की कमी. रेघ मधल्या गोलाच्या आत असेल तर सोडून द्या, जोरच नाही. एवढं नको असेल तर हवामान खात्याचा दर गुरुवारचा चार आठवड्यांचा अंदाज बघा, त्यातले पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी लागतात. खत टाकायचं का थांबायचं, दुबार पेरणीचं बियाणं आणायचं का, शेततळ्यातलं पाणी आत्ता वापरायचं का राखायचं, हे सगळं त्या गुरुवारच्या नकाशावर ठरवा, एप्रिलच्या मेसेजवर नको. आणि जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत अॅपवर मराठीत मिळतो.

एप्रिलच्या बातमीवर करायचं काय मग? शेततळ्याचा कागद फाटला असेल तर मेमध्येच बदला, ठिबक दुरुस्त करून ठेवा, पीक विम्याची शेवटची तारीख चुकवू नका, पूर्व भागात असाल तर सगळं क्षेत्र एकाच वाफशाला पेरू नका, आणि नवीन द्राक्षबाग लावायचा विचार असेल तर पाण्याचा हिशेब एक वर्ष पुढपर्यंत मांडा. शहरवाल्यांनी आणि धरणाखालच्या बागायतदारांनी १५ ऑक्टोबर लक्षात ठेवावा, त्या दिवशी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला की नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचा प्रश्न येतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तेच झालं. म्हणजे मराठवाड्यात पाऊस किती झाला यावर आपलं रब्बीचं आवर्तन अवलंबून, आपलं धरण भरलेलं असलं तरी.

द्राक्षवाल्यांसाठी मान्सून संपल्यावर आयओडी बघणं जास्त गरजेचं आहे असं माझं स्पष्ट मत. पॉझिटिव्ह आयओडीत अरबी समुद्र तापलेला राहतो. २०१९ ला अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली, त्यातली क्यार आणि महा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ऐन गोडी छाटणीनंतर. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे डाऊनी हा बुरशीचा रोग आणि गळकूज, लाल कांदा शेतात सडला, रोपं गेली, आणि पुढं कांद्यानं शंभरी गाठली पण विकायला कांदा होता कुणाकडं. २०२३ लाही आयओडी पॉझिटिव्ह, २६ नोव्हेंबरला निफाडकडं गारपीट. गारपिटीला बहुतेक वेळा उत्तर भारतावरून जाणाऱ्या पश्चिमी झंझावातांचा हात असतो, सगळं आयओडीच्या माथी मारता येत नाही. पण सप्टेंबरच्या शेवटी आयओडी जोरात पॉझिटिव्ह दिसत असेल तर सगळी बाग एकाच आठवड्यात छाटू नये, दोन-तीन टप्पे करावेत. आयओडी साधारण डिसेंबरपर्यंत ओसरतो.

आता समुद्रातल्या जिवांकडं वळू, कारण या तापमानाचा पहिला फटका त्यांनाच. पेरूजवळ खालून येणारं थंड पाणी स्वतःबरोबर खाद्य आणतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती, त्यावर अँचोवी नावाचे छोटे मासे, त्यांच्यावर पक्षी, सील आणि माणसं. एल निनोत हे पाणी वर येणं मंदावलं की सगळी साखळी उपाशी. १९७० मध्ये पेरूनं सुमारे १ कोटी २० लाख टन अँचोवी पकडली होती, १९७३ मध्ये ती २० लाख टनांच्या आसपास आली, त्यात आधीची बेसुमार मासेमारीही होतीच. अँचोवीची पूड जगभर जनावरांच्या खाद्यात जायची, ती संपल्यावर सगळे सोयाबीनवर तुटून पडले, भाव इतका भडकला की जून १९७३ मध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच रोखली. आणि हा तोच १९७२ चा एल निनो ज्या वर्षी आपल्याकडं बहात्तरचा दुष्काळ होता, घरातल्या म्हाताऱ्यांना सुकडी आणि खडी फोडायची कामं विचारा. २०२३ लाही पेरूनं अँचोवीचा पहिला हंगाम रद्द केला होता. त्यामुळं दिंडोरी-निफाडच्या सोयाबीनवाल्यानं पेरूच्या माशांची बातमी वाचायला हरकत नाही. गॅलापागोस बेटांवरच्या समुद्री घोरपडी तर शेवाळ मिळेनासं झालं की चक्क आखूड होतात, लांबीत वीस टक्क्यांपर्यंत, आणि खायला मिळालं की परत वाढतात!

प्रवाळांसाठी वेगळा आकडा आहे आणि तो वाचायला सोपा. त्या ठिकाणच्या सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी किती अंश जास्त आणि किती आठवडे, याची बेरीज बारा आठवड्यांची ठेवतात, उधारी साचावी तशी ती साचत जाते. एक अंश जास्त चार आठवडे म्हणजे ४. ४ झाले की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ सोडून देतात आणि पांढरे पडतात, ८ झाले की मरायला लागतात. थोड्या आठवड्यांत पाणी निवलं तर वाचतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अंदमान, लक्षद्वीप, कच्छच्या आखातासाठी इशारे देते. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असे मोठे फटके बसले, चारही वेळा एल निनोच्या पाठोपाठ. एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरातलं चौथं प्रवाळ विरंजन, म्हणजे प्रवाळ पांढरे पडणं, जाहीर झालं.

आणि आपला पश्चिम हिंदी महासागर एल निनो नसतानाही तापतोच आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९०१ ते २०१२ मध्ये तिथं जून ते सप्टेंबरच्या तापमानात १.२ अंशांपर्यंत वाढ दाखवली, आणि सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत काही भागात २० टक्क्यांपर्यंत घटल्याचंही. केरळात तारली २०१२ ला ३.९ लाख टन मिळाली होती, २०२१ ला साडेतीन हजार टनसुद्धा नाही, मधला २०१५ चा एल निनो हे त्याचं एक कारण मानतात. तेव्हा मासळी बाजारात बांगडा-तारली महागली तर विक्रेत्याशी भांडायच्या आधी मागच्या वर्षीचा समुद्र बघा, माशांवरचा परिणाम पुढच्या हंगामापर्यंत रेंगाळतो.

तसाच उन्हाळाही. एल निनो हिवाळ्यात जोरावर आला की पुढचा एप्रिल-मे बहुतेक कडक जातो, २०१० , २०१६ आणि २०२४ तसेच गेले. म्हणजे डिसेंबरच्या बुलेटिनमध्ये निनो ३.४ दीडच्या वर दिसला तर खरड छाटणीनंतर बागेला पाणी जास्त लागणार आणि पोल्ट्रीत फॉगर लागणार हे जानेवारीतच धरून चाला, मार्चमध्ये फॉगरचे भाव वाढलेले असतात.